काळ्या शीची मंजुरी

तीस सेकंदांची एक चित्रफीत एका अख्ख्या पिढीचं आरोग्य बदलू शकते. हे वाक्य मी लिहिलेलं आहे, म्हणून त्याच्या खरेपणाची चौकशी माझ्याकडे करू नये. ते एका प्रस्तावाच्या पहिल्या पानावर होतं, आणि प्रस्तावाच्या पहिल्या पानावर खरं लिहिण्याची पद्धत नाही. लिहिताना माझ्यासमोर पिढी वगैरे नव्हती. दुपारी चारपर्यंत मागितलेली दोन पानं होती.

मी वाशिममध्ये राहतो आणि आरोग्याच्या पत्रकांची भाषा वाचण्यासारखी करून देतो. हिवताप, हागणदारी, डोळ्यांची साथ, सगळ्यांवर लिहून झालं. पत्रकं कोणी वाचत नाही हे सगळ्यांना माहीत होतं, पण ते कागद निदान भजी बांधायला जात. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की मुलं आता मोबाईल बघतात. त्यावर समिती नेमली गेली. तिचं नाव 'कुमारवयीन मुलामुलींच्या आरोग्यसंवर्धनासाठी समाजमाध्यमांचा परिणामकारक वापर' असं काहीतरी होतं. ते सावकाश म्हटलं तर आमच्या चित्रफितीचा अर्धा वेळ त्यातच गेला असता.

समितीत आम्ही सात जण. कुमारवयाशी आमचा संबंध आठवणीपुरता. सगळ्यांत तरुण सदस्याला वाचायचा चष्मा लागला होता. पुण्याच्या एका एजन्सीच्या सल्लागार बाई पडद्यावर असत. त्यांचा आवाज यायचा तेव्हा चित्र थांबायचं, आणि चित्र हलायला लागलं की आवाज जायचा. पहिल्या दोन बैठका घोषवाक्यावर झाल्या. मुलीच्या आरोग्याचं यमक सौभाग्याशी जुळतं यावर एकमत झालं. मी 'गोळी'शी 'पोळी' जुळते असं सुचवलं. ते इतिवृत्तात आलं नाही.

तिसऱ्या बैठकीत मी म्हणालो, "एकदा मुलींना विचारून बघायचं का?"

"नक्की," पडद्यावरच्या बाई म्हणाल्या. "फीडबॅकचा टप्पा आपल्याकडे शेवटी आहेच."

शेवटपर्यंत थांबायची माझी तयारी नव्हती. मी एसटीने मानोऱ्याला गेलो. तिथून एका तांड्यावरची आशाताई मला स्कूटीवर मागे बसवून घेऊन गेली. चाळिशीची बाई, आवाज भाकरीच्या तव्यासारखा तापलेला. वाटेत तिने मला एकच प्रश्न विचारला.

"सर, तुमी ते मोबाईलवर ग्रुप बनवलं ना, त्यात नंबर कोनाचे टाकले?"

"शाळेने दिले. मुलींचे."

स्कूटी थोडी हसल्यासारखी हलली.

तिच्या अंगणात सहा मुली बसल्या होत्या. तिथे मला कळलं ते असं की शाळेच्या यादीतले सगळे नंबर मुलींच्या बापांचे होते. मुलीच्या नावाचा मोबाईल त्या तांड्यात एकाही घरात नव्हता. म्हणजे मासिक पाळीतल्या स्वच्छतेवरचा आमचा चाचणी-संदेश थेट बापांना गेला होता. मी कपाळाला हात लावला, तेव्हा मुली हसायला लागल्या. त्यांच्यातली एक, नववीतली, कमालीची बारीक, वेणी पाठीपेक्षा रुंद वाटावी अशी, तिने समजावून सांगितलं.

"पन माया बाले वाचता येत नाई ना. मोबाईल मीच चालवतो. आलं काई का तो म्हनते, वाच."

"मग हाही वाचायला सांगितला?"

"हो. सोबत दोन मानसं बसून व्हते."

"काय वाचलंस?"

"सोयाबीनवरच्या फवारनीचं हाय म्हनलं."

"मंग बा काय म्हने?" दुसरीने विचारलं. तिला ही गोष्ट पाठ असावी.

"म्हने कोनती फवारनी. म्या म्हनलं, थे नाई लिहेल."

मला त्या क्षणी आमच्या सगळ्या समितीपेक्षा ती मुलगी संवादशास्त्रात पुढे वाटली. चुकीच्या नंबरांची यादी चुकीची नव्हतीच. फोन बापाचा, वाचणारी पोर. फक्त आम्ही जे पाठवत होतो ते मोठ्याने वाचता येण्यासारखं नव्हतं.

"आता हिले विचारा," आशाताई म्हणाली, "गोळ्या कुठं हायेत."

"हायेत," मुलगी म्हणाली.

"पोटात का पिशवीत?"

"पिशवीत."

हीच मुलगी पावसाळ्यात शाळेत प्रार्थनेच्या रांगेत कोसळली होती. तपासणीत रक्त फार कमी निघालं. डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली, रोज एक, जेवणानंतर, काही महिने. तिने चार दिवस घेतली आणि पाचव्या दिवशी बंद केली, कारण शी काळी झाली. लोहाच्या गोळीने शी काळी होते, हे होणारच असतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण तिने बापाच्या मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला होता. त्यात कारमध्ये बसलेला एक माणूस सांगत होता की शी काळी झाली म्हणजे पोटात रक्त वाहतंय. माणूस पूर्ण खोटं बोलत नव्हता, ही त्यातली अडचण. कधी कधी तसंही असतं. गोळीचं त्याने सांगितलं नव्हतं, एवढंच.

"मी हिले धा बार सांगतलं," आशाताई म्हणाली.

"ताई तं सांगनारच. ताईले गोळ्या वाटाच्याच असते."

"अन् तो कारवाला तुया मामा हाय का?"

मुलगी शांतपणे म्हणाली, "त्याले काय भेटते आमाले खोटं सांगून?"

त्याला काय मिळतं, आणि कसं मिळतं, हे मी तिला सांगू शकलो असतो. त्याला अर्धा तास लागला असता आणि शेवटी मीसुद्धा गोळ्या वाटणाऱ्यांच्याच बाजूचा ठरलो असतो. मी विचारलं, "मग गोळीचं मोबाईलवर आलं तर?"

"मोबाईलवर आलं तं खाईन."

"येईल," मी म्हणालो. "दिवाळीच्या आत येईल."

असं वचन द्यायचा मला काहीही अधिकार नव्हता. पण परत जाताना आशाताईने स्कूटी रस्त्याच्या कडेला उभी करून जे सांगितलं, त्यानंतर ते मागे घेणंही शक्य नव्हतं. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक येतो. अर्धा तांडा ऊस तोडायला कारखान्यांकडे जातो. त्या मुलीचे आईबाप जाणार आणि तिला मागे ठेवायला घरात कोणी नाही, म्हणून तीही जाणार.

"तिकडं मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढा लागते, सर. इथं पडली तं मास्तरनं उचललं. तिथं फळीवरून पडली तं?"

घरी येऊन मी मजकूर लिहिला. चार वाक्यं: लोहाची गोळी खाल्ली की शी काळी होते. ते रक्त नाही, गोळीचाच रंग आहे. गोळी बंद करू नका. जेवल्यावर घ्या आणि त्यावर लगेच चहा पिऊ नका. वीस सेकंद पुरत होते. मी आयुष्यात लिहिलेल्या सरकारी मजकुरांपैकी हा पहिलाच, ज्यातून एकही शब्द काढता येत नव्हता. समितीने तो पहिल्या वाक्यालाच थांबवला.

"हा शब्द," अध्यक्ष साहेब म्हणाले, आणि त्यांनी पेन्सिलीचं टोक त्याच्यापासून थोडं लांब धरलं.

"कोणता, साहेब?"

"तोच."

कोणी 'मल' सुचवला. तो मलमासारखा वाटतो असं दुसऱ्याचं मत पडलं. 'विष्ठा' फार धार्मिक, 'शौच' म्हणजे क्रिया, वस्तू नव्हे. समितीत एक डॉक्टर होते. त्यांनी मजकूर वैद्यकीयदृष्ट्या बिनचूक आहे असं सांगितलं.

"बिनचूक असणं वेगळं, प्रसिद्ध करणं वेगळं," साहेब म्हणाले. "मुलींसाठीचा उपक्रम आहे हा."

"मुली रोज जातात, साहेब," मी म्हणालो.

"जातात ना. आपण त्यावर जाहीर बोलत नाही."

पडद्यावरच्या बाईंचं चित्र थांबलं, त्याअर्थी त्या बोलू लागल्या होत्या. त्यांना काळा रंग नकारात्मक वाटत होता. उगवता सूर्य आणि सायकलवरची मुलगी, असं काही घेता येईल का? मी म्हणालो, घेता येईल, पण सायकलवरच्या मुलीनेही हेच सांगितलं पाहिजे. शेवटी शब्दाचा निर्णय आपल्या पातळीवर नको असं ठरलं आणि फाईल वर गेली. फाईल वर गेली की तिच्याबद्दल आदराने बोलतात, गेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं.

मी रोज फोन करत होतो. पहिल्या आठवड्यात साहेब दौऱ्यावर होते. दुसऱ्या आठवड्यात फाईल दौऱ्यावर होती. तिसऱ्या आठवड्यात असं कळलं की चित्रफितीच्या सुरुवातीला तीन मान्यवरांचे फोटो यायला हवेत, आणि त्यांचा क्रम ठरल्याशिवाय मजकूर बघण्यात अर्थ नाही. दिवाळी येऊन गेली. मग आशाताईचा फोन आला.

"सर, परवा ट्रक हाय. तुमचं रील कुठं हाय?"

"मंजुरीला गेलंय."

"मंजुरी बसते कुठं? मी जाऊन येतो."

तिचा राग माझ्यावर नव्हता, म्हणून तो जास्त लागला. मी म्हणालो, मीच माझ्या मोबाईलवर बोलून पाठवतो. खरं तर हे मी महिन्याभरापूर्वीच करायला हवं होतं. मंजुरीशिवाय पाठवलं तर पुढची कामं जातील, या भीतीने केलं नव्हतं. त्याला मी तेव्हा 'शिस्त' म्हणत होतो.

"आता तुमच्या नंबरानं पाठवून काय व्हते?" ती म्हणाली. "थे तुमी सांगतल्यासारखं झालं. मोबाईलनं सांगतल्यासारखं नाई झालं."

मुलगी गेली. गोळ्यांच्या पट्ट्या आशाताईने स्वतः तिच्या पिशवीत कपड्यांच्या मधोमध ठेवल्या.

उद्घाटन जानेवारीत झालं. वाशिमच्या सभागृहात एकसारख्या पिवळ्या ओढण्यांमधल्या मुली आणून बसवल्या होत्या. त्या नर्सिंगच्या विद्यार्थिनी होत्या. लोहाच्या गोळीबद्दल त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहिती होती. दीड तास भाषणं झाली. मोबाईलच्या अतिवापराने तरुण पिढी बिघडत चालली आहे, असं दोन वक्त्यांनी सांगितलं, आणि मग मोबाईलवरच्या उपक्रमाची कळ दाबली गेली. मान्यवर आले, सूर्य उगवला, मुलगी सायकलवरून गेली. माझ्या चार वाक्यांचं एक झालं होतं: 'गोळी सेवनानंतर काही किरकोळ बदल संभवतात.' पिवळ्या ओढण्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण साहेब बघत होते.

त्याच आठवड्यात आशाताईने फोन करून मला उपक्रमाच्या ऑनलाइन पानावरच्या प्रतिक्रिया बघायला सांगितल्या. चित्रफितीचा दुवा यादीतल्या सगळ्या बापांना गेला होता, आणि बाप जिथे असतील तिथे तो पोहोचला होता. अभिनंदनांच्या रांगेत, एका ट्रॅक्टरच्या फोटोशेजारी, एक प्रश्न होता. 'किरकोळ बदल मंजे काय. शी काळी होते ते त्यात येते का. खाऊ का नको.'

ट्रॅक्टर त्या बारीक मुलीच्या बापाच्या खात्यावरचा होता. आमच्या इतक्या दिवसांच्या कामात कुमारवयीन मुलीने विचारलेला हा एकमेव प्रश्न. त्याखाली पानाने मिनिटाभरात उत्तर दिलं होतं: 'आपल्या मौलिक अभिप्रायाबद्दल धन्यवाद. निरोगी राहा.' सोबत गुलाबाचं फूल.

मी एजन्सीला फोन केला. उत्तर द्यायचं तर त्याचा मजकूर मंजूर करून घ्यावा लागेल, असं सांगण्यात आलं. मी माझ्या स्वतःच्या खात्यावरून उत्तर लिहिलं. ते दिसेना. पुन्हा लिहिलं, पुन्हा नाहीसं झालं. अशोभनीय शब्द असलेल्या प्रतिक्रिया पानावर आपोआप लपवल्या जातात, असं नंतर कळलं. तिच्या प्रश्नातून तो शब्द कसा सुटला, हे एजन्सीलाही सांगता आलं नाही.

मग मी आशाताईकडून नंबर घेऊन बापाला फोन केला. दुपार होती. मागे उसाच्या पाल्याचा आवाज येत होता.

"कोन बोलून राह्यलं?"

मी वाशिमहून, आरोग्याच्या कामाचं बोलतोय, असं सांगितलं. मुलगी आहे का विचारलं.

"थे फडात हाय मायसंग. काय काम हाय, मले सांगा ना."

मी त्याला सांगितलं. गोळी, शी, काळा रंग, ते रक्त नाही, सगळं. जो शब्द सात जणांच्या समितीला उच्चारता आला नव्हता तो मी एका अनोळखी बापाला पाच-सहा वेळा ऐकवला.

"म्हंजे थ्यासाठी वाशिमवून फोन केला तुमी?"

"हो."

"बरं. परवा पडली जराशी. मोळी घेऊन व्हती. कोपर फुटलं. मुकादम म्हने बसू द्या दोन दिवस."

"गोळी द्या तिला. रोज. जेवण झाल्यावर."

"सांगतो. पन थे म्हने, मोबाईलवर आलं त्यात तं तसं काई नाई."

त्यात तसं काही नव्हतं, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? फोन ठेवल्यावर मी बराच वेळ आमची चित्रफीत पुन्हा पुन्हा बघत बसलो. सायकल चांगली होती.

चैत्रात तांडा परत आला. पट्ट्याही परत आल्या, बहुतेक तशाच. त्याच सुमारास पोहरादेवीची यात्रा होती, आणि आशाताईची ड्यूटी तिथल्या आरोग्याच्या मंडपात लागली होती. आदल्या दिवशी तिने मला फोन केला.

"तुमचा तो कागद पाठवा. शीवाला."

मी पाठवला. ह्या वेळी कोणालाही विचारलं नाही. तिने तो आपल्या बोलीत करून घेतला आणि इंझोरीला राहणाऱ्या तिच्या वहिनीकडून मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर बोलून घेतला. मागे नुसती भिंत, समोर डोक्यावर पदर घेतलेली बाई, आवाज हळू, जणू शेजारी ऐकेल. सुरुवात अशी: "बाईहो, हे तुमाले कोनी सांगनार नाई." पुढे माझी चार वाक्यं, बोली सोडली तर एकही फरक नाही. बिनचूक माहितीला अफवेची इतकी चव मला उभ्या जन्मात आणता आली नव्हती.

यात्रेत तो व्हिडिओ कसा पाठवला जातो ते मी बघितलं. मंडपात एका बाकावर सहा गावांच्या सहा आशाताया बसल्या होत्या. पहिलीने व्हिडिओ शेजारणीला पाठवला, शेजारणीने तिच्या शेजारणीला, असा तो बाकाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला. मध्ये एकीला ओआरएसची पाकिटं द्यायला उठावं लागलं तेवढाच खंड.

"एवढं कायले?" मी विचारलं. तोपर्यंत माझीही भाषा बिघडली होती.

"लय बार फॉरवर्ड झाला का त्याच्यावर दोन बान येते, सर. दोन बान पाह्यल्याबिगर कोनी खरं मानत नाई."

शेवटच्या आशाताईच्या मोबाईलवर दोन बाण आले. तिने तो तांड्याच्या ग्रुपवर टाकला. दुपार उतरताना ती मुलगी गर्दीतून वाट काढत मंडपात आली. कोपरावर खूण होती. हातात बापाचा मोबाईल.

"ताई, हे पाह्य. गोळीनंच व्हते म्हने."

आशाताईने पूर्ण व्हिडिओ पहिल्यांदाच बघितल्यासारखा बघितला. "काय सांगतं," ती म्हणाली. "अन् मी सांगत व्हती तवा?"

"तुमी तं सांगताच."

आशाताईने पेटीतून नवी पट्टी काढून दिली. मुलीने एक गोळी तिथेच घेतली, प्रसाद खाऊन आली होती म्हणून. मी मंडपाच्या मागे जाऊन उभा राहिलो. आनंद झाला होता, पण त्याहून जास्त चीड आली होती. दिवाळीपूर्वी हे एका बाकावर, पाच मिनिटांत झालं असतं.

व्हिडिओ फिरत फिरत अध्यक्ष साहेबांच्या मोबाईलवरही गेला. त्यावर बैठक झाली. डॉक्टरांनी मजकूर तपासला. इतिवृत्तात नोंद आहे: माहिती अचूक आढळली, तथापि प्रसारण विनामंजुरी असल्याने ही चित्रफीत कोणी तयार केली याचा शोध घेऊन अहवाल सादर करावा. मजकुराची भाषा ओळखता येईल असा माणूस हवा, म्हणून शोधाचं काम माझ्याकडे दिलं आहे.

शोध चालू आहे. मुलगी रोज जेवणानंतर गोळी घेते. शी काळी होते.